वैद्यक व आरोग्यविषयक अभ्यासग्रंथांसाठी सार्वजनिक अनुदान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुस्तकासाठी अनुदान म्हणजे नेमकं कशासाठी पैसे मिळतात?

या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि निम्मे गोंधळ तिथूनच सुरू होतात. पहिली म्हणजे लेखनाचा वेळ. पुस्तक अजून लिहून व्हायचं आहे आणि त्यासाठी नोकरीतून मोकळीक, प्रवास, सहायक हवा आहे. अमेरिकेतल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ‘जी१३’ या संकेतानं ओळखली जाणारी योजना या प्रकारची. १९६५ च्या मेडिकल लायब्ररी असिस्टन्स कायद्यातून या ग्रंथालयाला अनुदानं देण्याचा अधिकार मिळाला. थेट खर्चापोटी वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत आणि जास्तीत जास्त ३ वर्षं, अशी तिची रचना राहिली आहे.

दुसरी गोष्ट उत्पादनाचा खर्च. संहिता तयार आहे, तज्ज्ञांनी ती तपासली आहे, पण खपाच्या हिशेबात छपाई परवडत नाही. हे पैसे बहुधा प्रकाशकाच्या हाती जातात. तिसरी म्हणजे ओपन ॲक्सेसचं शुल्क, म्हणजे पुस्तक सगळ्यांना फुकट वाचता यावं म्हणून प्रकाशकाला द्यायची एकरकमी रक्कम. संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या ब्रिटनच्या यूकेआरआय या संस्थेनं त्यासाठी वेगळा निधी ठेवला आहे. त्यातून पूर्ण पुस्तकामागे १०,००० पौंडांपर्यंत आणि एकेका प्रकरणामागे १,००० पौंडांपर्यंत मिळू शकतात.

तुमचं पुस्तक यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी ठरवा. लेखनाच्या योजनेकडे छपाईचे पैसे मागितले, तर अर्ज वाचलाही न जाता परत येतो.

कोणत्या प्रकारची पुस्तकं बसतात?

वैद्यकाचा, सार्वजनिक आरोग्याचा, शुश्रूषेचा किंवा एखाद्या रोगाचा इतिहास, वैद्यकीय नीतिशास्त्र, आरोग्यधोरणाची चिकित्सा, वैद्यकीय माहितीशास्त्र, एखाद्या क्षेत्रातल्या संशोधनाचा साक्षेपी आढावा, जुन्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती. थोडक्यात, जे काम २५ पानांच्या शोधनिबंधात मावत नाही आणि बाजारात स्वतःच्या बळावर उभंही राहत नाही, ते.

पाठ्यपुस्तकं बहुतेक योजनांतून वगळलेली असतात. विद्यार्थी ती विकत घेतातच, मग करदात्याचा पैसा कशाला, असं त्यामागचं साधं कारण आहे. परीक्षेच्या तयारीची पुस्तकं, उपचारपद्धतीच्या हस्तपुस्तिका, रुग्णांसाठीची माहितीपत्रकं, संस्थेचे स्मरणग्रंथ, डॉक्टरांच्या आठवणी यांचंही तेच. स्मरणग्रंथाबद्दल जरा स्पष्ट सांगायला हवं. एखाद्या रुग्णालयाच्या शताब्दीनिमित्त काढलेला ग्रंथ कितीही मेहनतीनं केलेला असो, त्याचा खर्च त्या रुग्णालयानंच करावा, असं परीक्षकांना वाटतं आणि ते चूक नाही. त्याच रुग्णालयाच्या दप्तरातून साथरोगांच्या काळातल्या प्रवेशनोंदी काढून शहराच्या आरोग्याबद्दल काही नवं मांडणार असाल, तर तो अभ्यासग्रंथ झाला.

नवं संशोधन करून मग पुस्तक लिहायचं आहे. चालेल?

लेखनाच्या योजनांमध्ये सहसा नाही. सर्वेक्षण, प्रयोग, नव्यानं गोळा करायची रुग्णांची माहिती यांसाठी संशोधन अनुदानं वेगळी असतात. अभिलेखागारात जाऊन उरलेली कागदपत्रं पाहणं, काही मुलाखती घेणं, एवढं मात्र लेखनाचाच भाग मानलं जातं. अर्ज पाठवताना साधारण दोनतृतीयांश सामग्री हाताशी असेल तर परीक्षकांचा विश्वास बसतो. हा कुठला नियम नाही, पण धरून चालायला बरा आकडा आहे.

पीएचडीचा प्रबंध पुस्तक म्हणून दाखवता येईल?

जसाच्या तसा नाही. प्रबंध पाचसहा परीक्षकांसाठी लिहिलेला असतो. त्यात आधीच्या संशोधनाचा आढावा लांबतो, संशोधनपद्धतीचं प्रकरण येतं, प्रत्येक विधानाला तीन तीन आधार असतात. काय वगळणार, कोणतं प्रकरण नव्यानं लिहिणार आणि वाचक कोण, हे अर्जात सांगा. प्रबंध विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधीच खुला असेल तर तेही लपवू नका. प्रकाशकाला ते पाच मिनिटांत सापडतं.

मी कोणत्याही संस्थेत नाही. अर्ज करता येतो का?

योजनेवर अवलंबून आहे. काही ठिकाणी स्वतंत्र अभ्यासकाला थेट अर्ज करता येतो, काही ठिकाणी विद्यापीठ, ग्रंथालय किंवा नोंदणीकृत संस्था अर्जदार असावी लागते. दुसऱ्या प्रकारात पैसा संस्थेच्या खात्यात येतो, हिशेब तीच ठेवते आणि सहीचा अधिकारही तिचाच असतो. म्हणून संस्थेच्या लेखा विभागाला शेवटच्या आठवड्यात गाठू नका.

नोंदणीला किती वेळ लागतो याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या (एनआयएच; वर आलेली नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन याच संस्थेचा भाग) अनुदानासाठी संस्थेला सॅम डॉट गव्ह, ग्रँट्स डॉट गव्ह आणि ईआरए कॉमन्स अशा तीन ठिकाणी नोंद करावी लागते. एकीचा क्रमांक मिळाल्याशिवाय दुसरी पुढे सरकत नाही. निदान ६ आठवडे हाताशी ठेवा. सॅममधली नोंद दर वर्षी नव्यानं करावी लागते आणि ती नेमकी अर्जाच्या आठवड्यात संपलेली निघते, हा प्रकार नेहमीचा. संस्थेच्या नावात एका ठिकाणी ‘ट्रस्ट’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘फाउंडेशन’ असलं, तरी पडताळणी अडकते.

आधी प्रकाशकाशी करार हवा का?

लेखनाच्या अनुदानाला करार सक्तीचा नसतो. प्रकाशकाच्या संपादकाचं पत्र असलं तर वजन पडतं, पण ते कामाचं हवं. ‘विषय रोचक आहे, संहिता आल्यावर विचार करू’ या पत्राला किंमत नाही. अपेक्षित शब्दसंख्या, चित्रांची मर्यादा, परीक्षण कसं होणार, पुस्तकाच्या शेवटच्या सूचीचा (इंडेक्सचा) खर्च कोण करणार, ओपन ॲक्सेसबद्दल भूमिका काय, हे ज्यात आहे तेच पत्र जोडा.

उत्पादनाच्या आणि ओपन ॲक्सेसच्या पैशांसाठी करार जवळजवळ नेहमीच लागतो. तिथे अडचण उलटी होते : लेखक करार आधीच करून बसतो आणि त्यात हक्क प्रकाशकाला कायमचे दिलेले असतात. यूकेआरआयची पुस्तकांसाठीची ओपन ॲक्सेसची अट १ जानेवारी २०२४ पासून प्रकाशित होणाऱ्या पुस्तकांना लागू आहे. त्या तारखेच्या आधी झालेल्या करारामुळे अट पाळता येत नसेल तर सूट मिळते. त्यानंतरच्या करारांना ती सबब चालत नाही.

अर्जात परीक्षक खरोखर काय वाचतात?

आधी सारांश, मग प्रकरणांचा आराखडा, मग नमुना प्रकरण. बाकीचं चाळतात.

सारांशात ‘या विषयावर फारसं लिहिलं गेलेलं नाही’ असं वाक्य असेल तर ते काढून टाका. फारसं न लिहिलेले विषय असंख्य आहेत. तुमचं प्रतिपादन काय आहे ते दोन वाक्यांत यायला हवं. ‘क्षयरोग आरोग्यधामांचा इतिहास’ हा विषय झाला. ‘प्रतिजैविकं आल्यानंतरही आरोग्यधामं इतकी वर्षं चालू राहिली, कारण ती उपचारापेक्षा घरांच्या टंचाईवरचा तोडगा होती’ हे प्रतिपादन झालं. ते बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो, आणि म्हणूनच त्यावर पुस्तक लिहिण्यात अर्थ आहे.

आराखड्यात प्रत्येक प्रकरणाला १५० ते २५० शब्द द्या : प्रश्न कोणता, साधनं कोणती, निष्कर्ष कुठे जातो, किती शब्द, आज काय स्थिती. ‘मसुदा तयार’, ‘टिपणं झाली’, ‘अजून एक अभिलेखागार पाहायचं आहे’ असं सरळ लिहा. सगळी प्रकरणं ‘जवळजवळ पूर्ण’ असतील तर मग पैसा कशासाठी, असा प्रश्न येतो. एकही सुरू झालेलं नसेल तर पुस्तक होईल का, असा.

नमुना म्हणून प्रस्तावना देऊ नका. प्रस्तावनेत सगळेच चांगले लिहितात. मधलं, पुराव्यानं जड झालेलं प्रकरण द्या. संख्या, रोगनिदानाच्या जुन्या संज्ञा आणि माणसांच्या कहाण्या तुम्ही एकाच परिच्छेदात कशा सांभाळता, हे तिथेच कळतं.

तुलनेची पुस्तकं चारपाच पुरेत. प्रत्येकाबद्दल दोन ओळी, आणि त्यात आदर असू द्या. त्यांपैकी एकाचा लेखक परीक्षक म्हणून बसलेला असण्याची शक्यता चांगलीच असते.

जुन्या रोगनामांचं काय करायचं?

इतिहासाच्या अर्जांवर वैद्यक शाखेचे परीक्षक इथेच अडतात. १८६० च्या नोंदीतला ‘ताप’ म्हणजे आजचा टायफॉइड की मलेरिया, हे कागदांवरून ठरवता येत नाही. लेखक ते ठरवून मोकळा झाला असेल तर परीक्षक पुढचं वाचताना सावध होतो. त्या काळची संज्ञा तशीच ठेवणार की आजच्या संज्ञेशी जुळवणार, जुळवणार तर कशाच्या आधारावर, हे एका परिच्छेदात सांगून टाका. इतिहासकार आणि डॉक्टर दोघांचंही समाधान होतं.

वेळापत्रक कसं मांडावं?

उलटा हिशेब करा. समजा संहिता ९०,००० शब्दांची आहे. दिवसाला ५०० ठेवण्याजोगे शब्द आणि आठवड्यात लेखनाचे ४ दिवस धरले, तर आठवड्याला २,००० शब्द होतात, म्हणजे पहिल्या मसुद्याला ४५ आठवडे. त्यात प्रवास, आजारपण, परीक्षांचा हंगाम धरलेला नाही. पुनर्लेखनाला पहिल्या मसुद्याच्या निम्मा वेळ द्या, परवानग्यांना वेगळे ६ महिने. पूर्णवेळ नोकरी सांभाळून १२ महिन्यांत पुस्तक पूर्ण करतो म्हणणाऱ्या अर्जाला गुण कमी पडतात ते या साध्या गणितामुळे.

अनुदानाचा शेवट आणि पुस्तकाचं प्रकाशन एकाच महिन्यात दाखवू नका. संहिता दिल्यानंतर तज्ज्ञ परीक्षण, दुरुस्त्या, संपादन, प्रुफं आणि सूची यांत वर्ष सहज जातं.

अंदाजपत्रकात काय काय धरावं?

सर्वांत मोठा आकडा बहुधा तुमच्या वेळेचा असतो. तो टक्क्यांत न मांडता महिन्यांत मांडायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. १२ महिन्यांच्या नोकरीतला २५ टक्के वेळ म्हणजे ३ महिने, आणि ९ महिन्यांच्या शैक्षणिक वर्षातला २५ टक्के म्हणजे २.२५ महिने. हा फरक न कळल्यामुळे अंदाजपत्रकं परत येतात. संस्था तुम्हाला तेवढ्या वेळापुरतं अध्यापनातून किंवा बाह्यरुग्ण विभागातून खरंच मोकळं करणार आहे, असं विभागप्रमुखाचं पत्र जोडा. पगार पुस्तकाचा आणि तास दवाखान्याचे, असं झालं तर तो हिशेबतपासणीतला गंभीर आक्षेप ठरतो.

नंतर अभिलेखागारांचा प्रवास. ‘प्रवास : एकरकमी’ असं कधीही लिहू नका. कोणतं अभिलेखागार, किती खोकी किंवा किती फाइली पाहायच्या, दिवसाला किती होतात, म्हणून किती दिवस, अशी साखळी दाखवा. दिवसाला ४ ते ६ खोकी नीट पाहून होतात. त्याहून जास्त लिहिलं तर नुसतीच छायाचित्रं काढणार असं दिसतं, आणि मग ती वाचायला लागणारा वेळ वेगळा धरावा लागतो.

मुलाखतींचं लिप्यंतर धरताना १ तासाच्या ध्वनिमुद्रणाला हातानं उतरवायला ४ ते ६ तास लागतात हे लक्षात ठेवा. वैद्यकीय शब्द जास्त असतील, किंवा बोलणारा मध्येच भाषा बदलत असेल, तर आणखी. यंत्रानं केलेलं लिप्यंतर तपासायलाही वेळ जातोच, आणि औषधांच्या नावांवर यंत्र हमखास घसरतं.

चित्रं, परवानग्या, नकाशे आणि आकृत्या नव्यानं काढून घेणं, सूची, परभाषेतल्या साधनांचं भाषांतर या बाबी राहून जातात. सूचीबद्दल दोन आकडे : ३०० पृष्ठांच्या अभ्यासग्रंथाला ९ ते १५ पृष्ठांची सूची लागते, आणि पृष्ठक्रमांक पक्के झाल्याशिवाय ती करता येत नाही. म्हणजे हा खर्च अगदी शेवटी येतो. तोवर अनुदानाची मुदत संपलेली असेल तर तो तुमच्या खिशातून जातो. काही योजना मुदतीत दिलेल्या कामाचं शुल्क मान्य करतात. आधी लेखी विचारून ठेवा.

कोणता खर्च मान्य होत नाही?

साधारणपणे संगणक आणि फर्निचर, प्रकाशन समारंभ, जाहिरात, लेखकाच्या प्रती विकत घेणं, आणि मंजुरीच्या आधी झालेला खर्च. एकच खर्च दोन अनुदानांत दाखवणं तर नाहीच. दोन अनुदानं घेणं गुन्हा नाही. प्रवास एकातून आणि वेळ दुसऱ्यातून, अशी वाटणी अर्जातच उघड करा.

उत्पादन अनुदानात एक छोटा हिशेब कामाला येतो. पुस्तक फर्म्यांत छापलं जातं, म्हणजे एका मोठ्या कागदावर अनेक पृष्ठं एकदम छापून तो दुमडतात. फर्मा १६ पृष्ठांचा असेल तर ३२० पृष्ठांना बरोबर २० फर्मे लागतात. पृष्ठं ३२४ झाली की एकविसावा फर्मा उघडतो. चार पानांची ऋणनिर्देशाची यादी आटोपशीर केली तर प्रकाशक मनापासून आभार मानेल.

चित्रांच्या परवानग्यांवर इतका भर का?

कारण पुस्तक सर्वांत जास्त वेळ तिथेच अडकतं. कागद कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याचा कॉपीराइट कोणाकडे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या डॉक्टरचं पत्र अभिलेखागाराकडे असतं, पण कॉपीराइट पत्र लिहिणाऱ्याच्या वारसांकडे. अभिलेखागारानं छायाचित्र काढून दिलं, शुल्क घेतलं, पावती दिली, तरी छापण्याची परवानगी मिळालेली नसते.

मुदत देशानुसार बदलते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ७०. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कृतींना प्रकाशनापासून ९५ वर्षं असा हिशेब आहे. पुस्तक ऑनलाइन खुलं होणार असेल तर एकाच देशाचा नियम पाहून भागत नाही.

परवानगी मागताना पत्रात नेमके शब्द घाला : छापील आणि डिजिटल सर्व स्वरूपं, सर्व देश, या आवृत्तीच्या पूर्ण आयुष्यभर, ओपन ॲक्सेस असल्यास तसा स्पष्ट उल्लेख. संग्रहालयांच्या जुन्या दरपत्रकात ‘५०० प्रतींपर्यंत’, ‘५ वर्षांसाठी’ असे दर असतात. खुल्या पुस्तकाला प्रतींची संख्याच नसते, त्यामुळे असा परवाना निरुपयोगी ठरतो आणि सगळी खटपट पुन्हा करावी लागते.

शोधनियतकालिकातली आकृती हवी असेल तर प्रकाशकाकडे विचारा, लेखकाकडे नाही. लेखकानं बहुधा हक्क देऊन टाकलेले असतात. एसटीएम या प्रकाशक संघटनेच्या परवानगी करारात सामील असलेले प्रकाशक एका लेखातून तीनपर्यंत आकृत्या परस्परांना विनाशुल्क वापरू देतात. तुमचा प्रकाशक त्यात आहे का, एवढं विचारलं तर बराच पैसा वाचतो. आकडेवारीवरून स्वतः नव्यानं आलेख काढला तर परवानगीचा प्रश्न सहसा येत नाही, कारण आकड्यांवर कॉपीराइट नसतो, त्यांच्या मांडणीवर असतो. तरीही स्रोत मात्र लिहायचाच. मूळ आलेख गिरवून रंग बदलणं म्हणजे नव्यानं काढणं नव्हे.

चित्राचा दर्जाही आधीच तपासा. छपाईत ३०० डीपीआय लागतं. १२ सेंटिमीटर रुंद छापायचं असेल तर रुंदीत किमान १,४१७ पिक्सेल हवेत. रेघांच्या आकृतीला ६०० डीपीआय किंवा त्याहून जास्त. संकेतस्थळावरून उतरवलेलं ८०० पिक्सेलचं चित्र मोठं करून दिलं तर छापताना ते धूसर येतं, आणि संगणकाच्या पडद्यावर ते कळतही नाही.

रुग्णांची छायाचित्रं किंवा केस वापरता येतात का?

उपचाराची संमती म्हणजे प्रकाशनाची संमती नव्हे. शिकवण्यासाठी घेतलेली संमतीही नव्हे. पुस्तक इंटरनेटवर खुलं असेल तर ते जगात कुठेही, कोणालाही, कायमचं दिसणार आणि नंतर मागे घेता येणार नाही, हे संमतीपत्रात रुग्णाला समजेल अशा भाषेत लिहिलेलं हवं.

डोळ्यांवर काळी पट्टी लावणं पुरेसं नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं हे स्पष्ट केलेलं आहे. गोंदण, दागिना, मागच्या भिंतीवरची पाटी, दुर्मीळ आजार आणि गावाचं नाव एकत्र येणं, यांवरून माणूस ओळखू येतो. ओळख लपवायला वय किंवा लिंग बदलून लिहू नका, तपशील गाळा. बदललेला तपशील पुढे कोणीतरी खरा पुरावा म्हणून वापरतो.

रुग्ण हयात नसला तरी प्रश्न संपत नाही. अमेरिकेच्या हिपा या रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याच्या नियमांखाली आरोग्यमाहितीचं संरक्षण मृत्यूनंतर ५० वर्षं टिकतं. ब्रिटनमध्ये ओळख पटेल अशा रुग्णनोंदी साधारण १०० वर्षं बंद ठेवण्याचा प्रघात आहे. बंद नोंदींवर अख्खं प्रकरण उभं असेल तर प्रवेशाची परवानगी मिळालेली आहे, की अर्ज केला आहे, की फक्त मिळेल असं वाटतं आहे, हे अर्जात सांगावं लागतं. तिसऱ्या अवस्थेत अर्ज पाठवू नये.

नैतिक समितीची मंजुरी लागते का?

प्रकाशित साहित्य आणि खुले अभिलेख यांना नाही. मौखिक इतिहासाबाबत मतभेद होते. अमेरिकेत माणसांवरच्या संशोधनाबद्दलच्या २०१८ च्या सुधारित नियमावलीनं (कॉमन रूल) मौखिक इतिहास, चरित्र आणि ऐतिहासिक लेखन यांना ‘संशोधन’ या कायदेशीर व्याख्येबाहेर ठेवलं आहे. तरी तुमच्या संस्थेच्या समितीनं ‘मंजुरीची गरज नाही’ असं एका ओळीचं पत्र दिलेलं बरं. अनुदान देणारे ते मागतात आणि ते मिळायला महिना जातो.

पुस्तक ओपन ॲक्सेस करणं सक्तीचं आहे का?

दिवसेंदिवस होत चाललं आहे. होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन निधी कार्यक्रमाच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा ग्रंथ प्रकाशित होताच खुला करावा लागतो. यूकेआरआय १२ महिन्यांची सवलत देते, पण पाठ्यपुस्तकं आणि सर्वसाधारण वाचकांसाठीची व्यापारी पुस्तकं तिच्या अटीत येत नाहीत. अमेरिकेच्या एनआयएचचं सार्वजनिक प्रवेशाचं धोरण नियतकालिकांतल्या शोधनिबंधांपुरतं आहे, पुस्तकांना ते लागू नाही. मात्र नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं बुकशेल्फ हे १९९९ पासूनचं खुलं भांडार पुस्तकंही स्वीकारतं.

परवान्याच्या बाबतीत लेखक उगाच घाबरतात. होरायझन युरोपमध्ये ग्रंथांना सीसी बाय (श्रेय देऊन कोणालाही वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) सोडून व्यापारी वापर किंवा फेरफार रोखणारे सीसी परवानेही चालतात. दुसऱ्याच्या मालकीची चित्रं परवान्यातून वगळता येतात, पण प्रत्येक चित्राखाली तसं लिहावं लागतं. पुस्तकाच्या सुरुवातीला एक सरसकट ओळ टाकून भागत नाही.

खुलं केल्यावर छापील प्रत विकता येते? रॉयल्टी कोणाची?

येते, आणि विकलीही जाते. छापील, पीडीएफ आणि ईपब यांना वेगवेगळे आयएसबीएन घ्या. रॉयल्टी करारात ठरते. एनआयएचच्या अनुदानातून लिहिलेल्या पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाकडे किंवा संस्थेकडे राहतो. सरकारला फक्त स्वतःच्या कामासाठी वापरण्याचा विनामूल्य, अनन्य नसलेला हक्क मिळतो. प्रकाशकाच्या करारात हे कलम बसतं का ते पाहून घ्या. ‘सर्व हक्क अनन्यपणे प्रकाशकाकडे’ हे छापील वाक्य त्याच्याशी भिडतं.

औषध कंपनीकडूनही मदत मिळते आहे. घ्यावी का?

घेण्याआधी योजनेला विचारा आणि अर्जात लिहा. उपचारांचा आढावा घेणाऱ्या ग्रंथाला त्याच उपचारांच्या निर्मात्याचा पैसा असेल तर बहुतेक परीक्षक थांबतील. सल्लागार म्हणून घेतलेलं मानधन, व्याख्यानांचा प्रवास, शेअर्स हेही जाहीर करायचं. जाहीर केलेला हितसंबंध क्वचितच अर्ज बुडवतो. नंतर उघड झालेला पुस्तकही बुडवतो.

संपादित ग्रंथाला अनुदान मिळतं का?

मिळू शकतं, पण कठीण आहे. १४ लेखकांपैकी २ जण उशीर करतात आणि पुस्तक त्या दोघांच्या वेगानं चालतं. सर्व लेखकांची लेखी संमती, प्रत्येक प्रकरणाचा सारांश आणि कोणी माघार घेतली तर काय करणार, हे द्या. परिषदेतले निबंध एकत्र बांधून दिलेला ग्रंथ जवळजवळ कधीच मंजूर होत नाही.

परीक्षण कसं होतं आणि नकार आला तर?

एनआयएचमध्ये प्रत्येक परीक्षक १ ते ९ असे गुण देतो. १ सर्वोत्तम. सरासरीला १० नं गुणून १० ते ९० मधला आकडा येतो. कमी आकडा चांगला, हे नवख्यांना उलटं वाटतं. खालच्या गटातल्या अर्जांवर बैठकीत चर्चाच होत नाही, पण लेखी शेरे मिळतात. अर्जापासून पैसे हाती येईपर्यंत ९ ते १० महिने धरा.

शेरे दोनदा वाचा, मध्ये आठवडा जाऊ द्या. तिन्ही परीक्षकांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट म्हटली असेल तर ती खरी आहे. एकानंच काही विचित्र म्हटलं असेल तर बहुधा तुमचा परिच्छेद संदिग्ध आहे. एनआयएचमध्ये तोच अर्ज सुधारून एकदा, ३७ महिन्यांच्या आत, पुन्हा पाठवता येतो. सोबतच्या उत्तरात वाद घालू नका. काय बदललं, कोणत्या पानावर, एवढंच लिहा. परीक्षकाचं म्हणणं पटलं नसेल तर एका ठिकाणी, पुराव्यानिशी, शांतपणे तसं सांगायला हरकत नाही.

अर्ज लिहायला एआयची मदत घेतली तर?

योजनेचा नियम पाहा. मुख्यतः एआयनं लिहिलेले अर्ज विचारात घेणार नाही, असं एनआयएचनं २५ सप्टेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी जाहीर केलं आहे. भाषा तपासून घेणं वेगळं. संदर्भ मात्र एकेक करून स्वतः उघडून पाहा. अस्तित्वातच नसलेला संदर्भ सापडला की परीक्षक उरलेल्या अर्जावरचा विश्वासही काढून घेतो.

मंजुरीनंतर काय काय करावं लागतं?

वार्षिक प्रगती अहवाल, खर्चाचा हिशेब आणि शेवटी अंतिम अहवाल. अहवालात ‘काम समाधानकारक चालू आहे’ लिहू नका, प्रकरण ३ चे ११,००० शब्द झाले असं लिहा. विषय, मुख्य लेखक किंवा संस्था बदलायची असेल तर आधी लेखी परवानगी लागते. एका प्रकरणाऐवजी दुसरं घ्यायचं असेल तर बहुधा कळवलं की पुरतं. मुदतवाढ लागणार हे शेवटच्या तिमाहीच्या सुरुवातीलाच कळतं, तेव्हाच मागा. मुदत संपल्यानंतर आलेल्या विनंतीला अधिकाऱ्याची इच्छा असूनही हो म्हणता येत नाही.

पुस्तकात अनुदानाचा क्रमांक आणि निधी देणाऱ्या संस्थेचं नाव तिनं सांगितलेल्या शब्दांतच छापायचं. मतं लेखकाची आहेत, संस्थेची नाहीत, ही ओळही सोबत लागते. क्रमांकातला एक अंक चुकला तर पुस्तक त्या अनुदानाच्या खात्याशी जोडलं जात नाही. म्हणून प्रुफांत हे पान स्वतः वाचा, सहायकावर सोपवू नका.

योजनेची जाहिरात दोन वर्षांपूर्वीची आहे. त्यावरून अर्ज करू का?

नको. अशा घोषणांना शेवटची तारीख असते, पुढची घोषणा नव्या क्रमांकानं निघते, आणि रक्कम, पृष्ठमर्यादा, पात्रता यांपैकी काहीतरी बदललेलं असतं. कधी योजनाच थांबलेली असते. चालू घोषणा उतरवून घ्या, आणि योजनेच्या अधिकाऱ्याला पुस्तकाचा अर्ध्या पानाचा सारांश पाठवून विचारा की हे तुमच्या कक्षेत बसतं का. हे विचारायला ते बसलेले असतात. अर्ज करणाऱ्यांपैकी फार थोडे विचारतात.